काकूंना मी पटलो नाही

काकू साऱ्या जगाला 'तू' म्हणत. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या शाळकरी पोराला तू, मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याला तू, आणि एकदा कुणा बड्या अधिकाऱ्याच्या बायकोलाही, "तू बस वं बाई खुर्चीत, उभी राहून तुहा नंबर लवकर येनार हाय का?" असं म्हणाल्या होत्या. अकोल्यातल्या ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्या काउंटरवर बसत, त्याच्या मालक डॉक्टरांनाही त्या तूच म्हणत. फक्त मला त्या 'तुमी' म्हणत.

मी तिथे व्यवस्थापक म्हणून नवा होतो, तेव्हा या गोष्टीचा मला अभिमान वाटला होता. दवाखान्यात चष्म्याचं दुकान सांभाळणाऱ्या सलीमभाईंना मी एकदा म्हणालोसुद्धा, "काकू मला फार मान देतात." सलीमभाई हातातली फ्रेम खाली ठेवून हसायला लागले. "सर, काकू जिसको तुमी बोली ना, समजो उसका नंबर कट गया."

मला ते खरं वाटलं नाही. मग एके दिवशी मी काकूंनाच विचारलं, की माझं काही चुकतंय का? त्या नंबरांच्या चिठ्ठ्या रबर लावून ठेवत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "तुमी मले काही पटले नाही. पन घाबरू नका, कामात खोट नाही ठेवत मी." आणि खरंच ठेवत नसत.

रोगी त्यांना 'नंबरवाल्या काकू' म्हणत. आधीच्या मोठ्या डॉक्टरांनी एका खोलीत दवाखाना सुरू केला तेव्हापासून नाव लिहून घेणं, नंबर देणं आणि पुकारणं हे त्यांचं काम. मोठे डॉक्टर गेले, त्यांचा मुलगा आला, इमारत झाली, काउंटरवर माइक आला. काकूंनी त्या माइकवर आपला रुमाल वाळत घातला. "माहा आवाज काय भाड्यानं आनला हाय का?" त्यांनी नंबर पुकारला की बाहेरच्या चहाच्या गाडीवरून माणूस कप ठेवून धावत येई.

पुकारण्यापेक्षा त्यांचं बोलणं प्रसिद्ध होतं. औषध न टाकता पुन्हा आलेल्या माणसाला त्या सगळ्यांसमोर विचारत, "थेंब डोयात टाकले, का बाटलीले हार घालून देवघरात ठेवली?" बार्शीटाकळी, पातूरकडची माणसं यावर खदखदून हसत. एखादी म्हातारी उलट म्हणे, "तूच ये टाकून द्याले, येतं का?" काकू म्हणत, "येतो ना. भाकर करून ठेवजो." आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल बोलताना 'येतो, जातो'च म्हणतात. असा दोघींचा खेळ चाले आणि रांग पुढे सरके. पण शहरातल्या काही लोकांची तोंडं वाकडी होत. ते घरी जाऊन मोबाइलवर दवाखान्याला एकच तारा देत आणि खाली लिहीत : 'डॉक्टर चांगले, काउंटरवरची बाई उद्धट.'

ते तारे धाकट्या डॉक्टरांना फार लागत. ते मला बोलावून दाखवत. म्हणून रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत मी काकूंना म्हणालो, "काकू, जमलं तर लोकांशी थोडं सौम्य बोलाल का?"

"सौम्य म्हंजे कसं?"

"म्हणजे… हळू."

"हळू बोललं तं आयकू कसं येईन? त्याहिले दिसत नाही, आयकू तरी येऊ द्या."

सलीमभाई पाठ करून हसत होते. मीही हसलो. काकू हसल्या नाहीत, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारा पहिला मीच. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. गावातल्या गुरुजींना मी आवडलो, म्हणून त्यांनी मला अमरावतीला पाठवायचा हट्ट धरला. अमरावतीत लांबच्या मामींना मी आवडलो, म्हणून त्यांनी घराच्या व्हरांड्यात माझी खाट टाकू दिली. कॉलेजातल्या मराठीच्या बाईंना मी आवडलो, म्हणून त्यांनी माझं 'मले-तुले' सोडवून 'मला-तुला' करून घेतलं, मुलाखतीला कसं बसायचं तेही शिकवलं. या सगळ्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण आज मागे पाहताना दिसतं, की माणसांना आवडणं हीच माझी शिदोरी होती. मी कुणाच्या मनातून उतरलो असतो, तर परत गावी गेलो असतो. त्यामुळे एखाद्या माणसाला मी आवडत नाही आणि तरी माझं सगळं ठीक चाललंय, असं होऊ शकतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून मी काकूंच्या मागे लागलो. त्यांची जुनी खुर्ची डगडगत होती, मी चाकांची नवी मागवली. दुसऱ्या दिवशी नवी खुर्ची सलीमभाईंच्या दुकानात आणि काकू पुन्हा डगडगत्या खुर्चीवर. "चाकावर बसून मी कुठी जाऊ?" बायकोला घेऊन चिखलदऱ्याला गेलो होतो, तिथून सगळ्यांसाठी कॉफीची पुडी आणली. काकूंनी ती माझ्यासमोरच सलीमभाईंच्या हातात ठेवली. "घे रे, तुह्या बायकोले दे. मले आपला चा पुरते." एकदा त्यांच्यासाठी मी दिवाळीत वेगळी साडी घेतली. ती बायकोने पाहिली आणि म्हणाली, "मला एक सांगा, त्या बाईला तुम्ही पटावं याचं तुम्हाला एवढं काय पडलंय? त्या काम करतात ना? मग?" ती साडी मी दिली नाही.

काकूंचा मुलगा पुण्याला नोकरीला. काका गेल्यापासून तो त्यांना चल चल म्हणत होता. काकूंना जायचं नव्हतं. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर. सकाळी पूल ओलांडून यायचं, दिवसभर अर्ध्या जिल्ह्याची खबरबात घ्यायची, संध्याकाळी भाजी घेऊन पूल ओलांडायचा. मुलाचा फोन आला की त्या काउंटरवरूनच ओरडत, "कसा येऊ बापा? इथं माहं काम हाय. मी गेलो तं नंबर कोन देईन?" फोन ठेवून सलीमभाईंना म्हणत, "हे काउंटर हाय म्हनून मी अकोल्यात हाओ. नाही तं कधीच उचलून नेली असती त्यानं, गादीसारखी." त्या काउंटरवर काकूंचं अकोला उभं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

माझ्या आईचा मोतीबिंदू आमच्याच दवाखान्यात काढला. आई दोन दिवस रात्री माझ्या जठारपेठेतल्या घरी होती आणि दिवसा काउंटरजवळच्या बाकावर. काकू आणि ती अशा काही जमल्या, की मी जवळ गेलो की दोघी बोलायच्या थांबत. आईशी मी आपल्या घरच्यासारखंच बोलत होतो, "माय, तुले चक्कर तं नाही येऊन राहिली?" आणि वळून काकूंना म्हणत होतो, "काकू, आईला जरा पाणी देता का?" काकू माझ्याकडे एकटक पाहत होत्या. मला वाटलं, मी आईची किती काळजी घेतो, ते पाहत असतील. जाताना आई मला म्हणाली, "लय चांगली बाई हाय रे. तुयासंग काहून नाही बोलत?" मी म्हणालो, कामात असतात.

त्याच आठवड्यात धाकट्या डॉक्टरांनी मला बोलावलं. पुन्हा एकच तारा मिळाला होता. या वेळी ते शांत होते, आणि ते शांत असले की मला भीती वाटे. "पुढची तक्रार आली तर काकूंना काढावं लागेल. हे त्यांना स्पष्ट सांगा. 'काढू' हा शब्द वापरून सांगा. तुम्हाला अवघड जात असेल तर मी सांगतो."

"नाही सर, मी सांगतो," मी म्हणालो.

मी काकूंना माझ्या खोलीत बोलावलं. चहा सांगितला. वाक्य मनात तयार होतं. काकू बसल्या आणि त्यांनीच सुरुवात केली. "मायची पट्टी काढली का? तिले म्हना, आतापासून जवारी निवडत बसू नको. अन् वाकून झाडू मारू नको. आयकते का ती तुमचं?" त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. माझ्या दिशेने आलेलं ते पहिलं हसू. मी त्या हसण्याकडे पाहत राहिलो आणि माझ्या मनातलं वाक्य विरघळून गेलं.

"काकू," मी म्हणालो, "डॉक्टरांचं थोडं म्हणणं होतं. ते आपलं… बोलण्याचं. जमलं तर जरा बघा."

"बरं," काकू म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या.

डॉक्टरांनी विचारलं, सांगितलं का? मी म्हणालो, सांगितलं. ते खोटं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावत होतो.

मग तो मोटरसायकलवाला तरुण आला. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन आमच्याकडे झालेलं, डोळा लालभडक सुजलेला. दुखत असतानाही घरच्यांनी दिवस काढलेले. काकूंनी म्हाताऱ्याला रांगेतून उठवून सरळ आत पाठवायला घेतलं आणि पोराकडे वळल्या. "डोया लाल झाला तवा कुठी व्हता रे तू? बाप काय गाडी हाय, बंद पडल्यावर मेकॅनिककडे ढकलत आनाले?" बाकावरचे लोक हसले. पोराने मोबाइल काढला. "आता पुन्हा बोला काकू," तो म्हणाला. काकू पुन्हा बोलल्या. अजून खणखणीत.

संध्याकाळपर्यंत ते चित्रीकरण शहरातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरलं. खाली लिहिलेलं, 'वृद्ध रुग्णाच्या नातेवाइकाला अशी वागणूक.' मी ते अनेकदा पाहिलंय. काकूंच्या मागे तो म्हातारा दिसतो. एका डोळ्यावर हात ठेवून तो मान डोलवत हसतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. डॉक्टरांनी काकूंना विचारलं, "तुम्हाला आधी सांगितलं होतं ना?"

"सांगतलं व्हतं," काकू म्हणाल्या.

"काय सांगितलं होतं?"

"जमलं तं पाहा, म्हने." काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मले नाही जमलं."

एसटी चुकली असं एखाद्याने सांगावं, तितक्या साधेपणाने त्या बोलल्या. डॉक्टरांना मात्र तो उर्मटपणा वाटला. त्यांचा चेहरा लाल झाला. मला त्या क्षणी सगळं कळलं. काकूंना आपली नोकरी जाणार आहे, हे ठाऊकच नव्हतं. 'जमलं तर' या दोन शब्दांच्या पोटात काय आहे, हे मराठीच्या बाईंनी मला शिकवलं होतं. काकूंच्या भाषेत त्या शब्दांचा एकच अर्थ होता : नाही जमलं तर राहू दे. आमच्या वऱ्हाडात जे करायलाच पाहिजे, ते 'कर' म्हणूनच सांगतात.

मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. सर, मी यांना नीट सांगितलंच नाही. डॉक्टरांच्या टेबलावर डोळ्याचा प्लास्टिकचा नमुना असे. मी त्याच्या बुबुळाकडे पाहत राहिलो.

"उद्यापासून येऊ नका काकू," डॉक्टर म्हणाले.

काकूंनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "येऊ नको म्हंजे?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी समोरची फाइल उघडली, तेव्हा त्या उठल्या. बाहेर जाऊन त्यांनी माइकवरचा रुमाल घडी करून पिशवीत ठेवला. सलीमभाई दुकान सोडून त्यांच्यामागे पुलापर्यंत गेले. मी गेलो नाही.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. जुन्या शहरातल्या गल्लीत दोनदा पत्ता विचारावा लागला. मुलगा आलेला होता आणि भांडी पोत्यात भरत होता. काकू पलंगावर बसून त्याला हे घे, ते राहू दे, असं सांगत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या. बसा. चा नाही, गॅस बंद केला."

मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते आणि मी काय सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. मग विचारलं, "काहून? मले खडसावाले काय झालं व्हतं? मी दोन शिव्या देल्ल्या असत्या तुमाले, अन् दुसऱ्या दिसापासून तोंड आवरलं असतं. मले का आवरता येत नाही? मोठ्या डॉक्टरनं एकदा हाकलून देतो म्हनलं, तं सहा महिने मी गाईसारखी व्हती."

"तुम्ही माझ्यावर रागवाल असं वाटलं," मी म्हणालो.

काकू हसल्या. "अन् आंधी का तुमची आरती करत व्हती मी? पैल्या दिसापासून तं राग हाय. त्याच्यात आनखीन का वाढनार व्हतं?"

मुलगाही हसला. मी विचारलं, "पण राग कशाचा होता काकू?"

त्यांनी थोडा विचार केला. "मायसंग बोलता तवा 'मले' निंगते तुमच्या तोंडातून. मासंग 'मला'. जसे पुन्याहून आले. आपल्याच मानसानं असं केलं का मले परकं वाटते." मी सांगू लागलो, की तो मान देण्यासाठी, कॉलेजात आम्हाला… "राहू द्या," त्या म्हणाल्या. "तेवढंच कारन नाही. काही मानसं पटतच नाही. त्याले का औषध हाय?"

निघताना मी विचारू नये ते विचारलं. "काकू, झालं गेलं, आता राग सोडाल का?"

"काहून सोडू? तुमाले बरं वाटावं म्हून?" त्यांनी मुलाकडे वळून पातेल्याचं झाकण मागितलं. मी उभाच होतो. मग त्या पायरीपर्यंत आल्या, पण निरोप द्यायला नव्हे, दार लावायला.

सोमवारी मी डॉक्टरांना खरं सांगितलं. "हे त्या दिवशी बोलायचं होतं," ते म्हणाले. तोवर काउंटरवर एक नवी मुलगी बसली होती. ती माइकवरून 'कृपया' म्हणून नंबर पुकारे आणि रांगेतले म्हातारे एकमेकांना विचारत, कोनाले बलावलं? काकूंच्या घराला कुलूप होतं. पुढे अमरावतीला शाखा निघाली आणि डॉक्टरांनी मला तिथे प्रमुख म्हणून पाठवलं. गावात आईने पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही, तर म्हणाली, तोंड आलं का?

अमरावतीच्या शाखेत चष्म्याचा नंबर तपासणारी एक मुलगी आहे. हुशार, पण रोग्यांना ताटकळत ठेवून मोबाइल पाहत बसणारी. पहिल्या महिन्यातच मी तिला बोलावून म्हणालो, "हे बंद कर. नाही केलं तर नोकरी जाईल." चहा सांगितला नव्हता. तिने दार आपटलं. तेव्हापासून ती मला नमस्कार करत नाही, डबा खाताना मी आलो की विषय बदलते. मोबाइल मात्र ड्रॉवरमध्ये असतो. तिच्या रागाची मला अजून सवय झालेली नाही. पण आता मी तिच्या मागे कॉफीची पुडी घेऊन जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या काउंटरची जागा रिकामी झाली. मी डॉक्टरांच्या मागे लागलो. लेखी हमी देतो म्हणालो, काकू चुकल्या तर मलाही काढा म्हणालो. डॉक्टर शेवटी हो म्हणाले. मी तिथूनच पुण्याला फोन लावला. आधी सुनेने घेतला. "आई गॅलरीत बसल्यात, देते," ती म्हणाली.

"कोन?" काकूंनी विचारलं.

मी नाव सांगितलं. काउंटरचं सांगितलं. दवाखान्याच्या मागेच राहायला खोली आहे, अकोला काही फार लांब नाही, हवं तेव्हा जाता येईल, हेही सांगितलं. आणि या वेळी माझ्या आईशी बोलतो तसंच बोललो, शब्द जुळवत बसलो नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. फोनमधून कुकरची शिटी ऐकू आली. ती संपेपर्यंत त्या थांबल्या.

"अमरावतीले? तुमच्या हाताखाली?"

"हो."

"नको. तुमी रोज मासंग चांगले वागसान. सकायी चांगले, दुपारी चांगले. चुकलं तरी काही म्हनसान नाही. ते मले सोसनार नाही."

"म्हनीन ना काकू. खडसावून म्हनीन."

"नाही होनार तुमच्याच्यानं. दुसऱ्याले म्हनसान. मले नाही."

ते खरं होतं. मग मी विचारलं, "काकू, पुन्यात बरं हाय ना?"

"नाही," काकू म्हणाल्या. "ठेवतो आता. सून आवाज देऊन राहिली."